जॉब हातात घेऊन जा

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. वय 27, मेकॅनिकलचा डिप्लोमा, गाव बीड जिल्ह्यात, चार वर्षांपासून चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. स्वतःत सुधारणा करायची मनापासून इच्छा. त्यासाठी शनिवार-रविवारची दोन शिबिरं केली, 12,000 रुपये गेले. व्हिडिओ पाहिले, पहाटे पाचला उठून डायरी लिहायला घेतली, ती तीन आठवड्यांत बंद पडली. आजूबाजूला प्रेरणा घ्यावी असं कुणीच दिसत नाही. एक जुने इन्स्पेक्टर आहेत, पण ते मार्चमध्ये निवृत्त होतायत आणि फारसं बोलत नाहीत. मग चांगला मेंटॉर शोधायचा कुठे, आणि सापडला तर त्याला विचारायचं काय?

मी आयटीआयला टूल अँड डाय मेकर ट्रेड करून 1989 साली पिंपरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याला लागणारे साचे आणि हत्यारं बनवणाऱ्या विभागात, अप्रेंटिस म्हणून लागलो. 34 वर्षं याच कामात गेली. त्यातली शेवटची 11 वर्षं नव्या मुलामुलींना शिकवण्यात. दरवर्षी पंधरा-वीस जण हाताखालून गेले. त्यामुळे आयुष्याच्या सगळ्या प्रश्नांवर मला बोलता येणार नाही. पण कच्चा हात पक्का कसा होतो आणि त्यात दुसऱ्या माणसाचा वाटा किती असतो, हे मी फार जवळून पाहिलंय. तेवढ्यावरच लिहितो.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गरजा एकत्र झाल्या आहेत, असं मला वाटतं. एक आहे उमेद. दुसरी आहे, आपलं काम पाहून ते नेमकं कुठे चुकतंय हे सांगणारा माणूस. उमेद दुरून मिळू शकते. पुस्तकातून मिळते, भाषणातून मिळते, शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाकडूनही मिळते. दुसरी गोष्ट दुरून मिळत नाही. शिबिरात ज्यांनी तुम्हाला दोन दिवस शिकवलं, त्यांनी तुमचा एकही इन्स्पेक्शन रिपोर्ट पाहिला नव्हता. तुम्ही लाईनवर ऑपरेटरशी कसं बोलता, पार्ट रिजेक्ट करताना तुमचा आवाज चढतो का, शंका असताना तुम्ही पार्ट पास करता का, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांनी प्रामाणिकपणे शिकवलं असेल, पण ते तुम्हाला शिकवत नव्हते. समोरच्या दोनशे खुर्च्यांना शिकवत होते.

तुम्ही क्वालिटीत आहात म्हणून तुमच्याच भाषेत सांगतो. आपल्याकडे मोजमापाचं प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस धरतात. शंभर मिलिमीटरचा स्टीलचा तुकडा दहा अंशांनी तापला की तो साधारण 0.011 मिलिमीटर वाढतो. म्हणून मशीनवरून उतरलेला गरम जॉब, म्हणजे कामाला घेतलेला तुकडा, आपण लगेच मोजत नाही, थोडा वेळ सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजमापाच्या सपाट पाटावर, ठेवतो. शिबिरातून रविवारी रात्री घरी येणारा माणूस तापलेला असतो. त्या वेळी केलेला संकल्प खोटा नसतो, पण त्याचं माप वाढलेलं असतं. तीन आठवड्यांनी तुमची डायरी बंद पडली ती तुमच्यात जिद्द नाही म्हणून नव्हे. शिफ्ट करणाऱ्या माणसाचं पहाटे पाचचं वेळापत्रक मुळात दुसऱ्या कुणाच्या आयुष्यावरून बेतलेलं होतं. त्याबद्दल स्वतःला दोष देणं आजपासून थांबवा. रात्रपाळीच्या आठवड्यात माणसाने झोपावं.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण मला जे सांगायचंय ते सगळं तिच्यात आहे.

अप्रेंटिसशिपच्या पहिल्या वर्षी आमच्या टूलरूममध्ये एक जुने फिटर होते. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. शिक्षण सातवीपर्यंतचं, पण इंजिनियर लोक ड्रॉइंग घेऊन त्यांच्या बेंचशी येत. मला त्यांच्याकडून शिकायचं होतं. एक दिवस जेवणाच्या सुट्टीत धीर करून गेलो आणि म्हणालो, "उस्ताद, मला शिकवा." त्यांनी डबा बंद करत विचारलं, "काय शिकवू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हणालो, "सगळंच." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "बरं," म्हणाले आणि हात धुवायला गेले. पुढे आठ महिने आमच्यात नमस्कारापलीकडे काही झालं नाही. मला वाटायचं, म्हातारा विद्या लपवून ठेवतो.

दुसऱ्या वर्षी मला एक लहान ब्लँकिंग डाय जुळवायला मिळाली. दीड मिलिमीटरच्या पत्र्यातून वॉशरसारखा तुकडा कापायची: वरून पंच पत्र्यावर दाबतो आणि खालच्या डायच्या भोकातून तुकडा कापला जातो. पहिले तुकडे काढले तर कडेला बर्र, म्हणजे कापताना उठलेली धातूची खरखरीत धार, मर्यादेपेक्षा जास्त. मला पुस्तकातलं आठवत होतं: पंच बोथट झाला की बर्र येते. पंच काढला, सरफेस ग्राइंडरवर धार लावली, पुन्हा बसवला. बर्र तशीच. पुन्हा धार लावली. तिसऱ्यांदा काढायला लागलो तेव्हा पंचाची उंची कमी होत चालल्याची भीती वाटायला लागली. त्या डायची जबाबदारी माझ्या नावावर होती. शेवटी चार तुकडे घेऊन उस्तादांच्या बेंचपाशी उभा राहिलो आणि काय काय केलं ते सांगितलं.

त्यांनी एक तुकडा उचलला, डोळे मिटले आणि अंगठा कडेवरून हळूहळू पूर्ण गोल फिरवला. मग विचारलं, "बर्र किती बाजूंना आहे?"

मी पाहिलंच नव्हतं. तीन वेळा धार लावली, पण तुकड्याची पूर्ण कड एकदाही तपासली नव्हती. "बघ, आणि उद्या सांग," एवढंच म्हणून ते कामाला लागले. रात्री हॉस्टेलवर भिंगाखाली चारही तुकडे पाहिले. बर्र एकाच बाजूला होती, चारही तुकड्यांवर त्याच बाजूला. दुसऱ्या दिवशी तसं सांगितलं. ते म्हणाले, "मग धार लावून काय होणार?" तिथे माझी ट्यूब पेटली. पंच बोथट असता तर बर्र सगळीकडे आली असती. एकाच बाजूला येते याचा अर्थ पंच मध्यावर नाही. एका बाजूचा क्लिअरन्स, म्हणजे पंच आणि डायमधली फट, वाढलाय, दुसऱ्या बाजूचा घटलाय. जागा पक्की धरणाऱ्या डॉवेल पिन काढून पंच पुन्हा सेंटरला घेतला. तुकडा स्वच्छ आला. तो घेऊन मी तिसऱ्यांदा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अंगठा फिरवला, तुकडा माझ्या हातात परत दिला आणि स्वतःच्या ट्रेमधला एक पंच पुढे सरकवला: "याला बघ काय झालंय." त्या दिवसापासून ते मला शिकवायला लागले. पुढची सहा वर्षं, ते निवृत्त होईपर्यंत.

माणूस तोच होता, मीही तोच होतो. फरक एवढाच की पहिल्यांदा मी रिकाम्या हाताने गेलो होतो. "मला शिकवा" म्हणताना काय शिकवायचं, कुठून सुरू करायचं, मला काय येतं आणि काय येत नाही, हे शोधायचं सगळं ओझं मी त्यांच्यावर टाकलं होतं. दुसऱ्यांदा माझ्या हातात जॉब होता, त्यात दोष होता आणि तो घालवायला मी काय केलं ते मला सांगता येत होतं. चांगल्या कारागिराच्या हाती दोष असलेला तुकडा दिला की तो बघितल्याशिवाय राहूच शकत नाही. डॉक्टरचं, शिक्षकाचं, स्वयंपाक करणाऱ्या बाईचं, कुणाचंही असंच असतं. न बोलणाऱ्या माणसाला कामाने बोलतं करता येतं.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा, स्वतः शिकवायला लागल्यावर कळली. शिकवणारा पहिल्या भेटीवरून काही ठरवत नाही. तो दुसऱ्या भेटीची वाट पाहतो. सांगितलेलं करून पाहिलं का? निकाल काय आला? उलटा आला तर तोही येऊन सांगितला का? माझ्याकडे सल्ला मागायला येणारे पुष्कळ असायचे, पण केलेलं घेऊन परत येणारे एका बॅचमध्ये बोटांवर मोजण्याइतके. त्यांच्यासाठी मी सुट्टीच्या दिवशीही थांबलोय, आणि ते करताना उपकार करतोय असं मला कधी वाटलं नाही. उलट, आपण सांगितलेलं कुणाच्या तरी हातात उतरताना पाहणं हा म्हाताऱ्या कारागिराचा फार मोठा आनंद असतो.

बाबासाहेब आंबेडकरांच्या लहानपणातली एक हकीकत मी प्रत्येक बॅचला सांगायचो. कृष्णाजी अर्जुन केळुसकर हे शिक्षक आणि लेखक मुंबईत चर्नी रोडच्या बागेत येऊन बसत. तिथे शाळा सुटल्यावर एक मुलगा रोज पुस्तक वाचत बसलेला त्यांना दिसे. त्यांनी चौकशी केली, त्या मुलाला वाचायला पुस्तकं देऊ लागले. पुढे त्याच्या यशाबद्दल सत्कार झाला तेव्हा स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा त्यांनीच त्याला सयाजीराव महाराजांकडे नेलं आणि बडोदा सरकारची दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. लोक ही गोष्ट केळुसकर गुरुजींच्या मोठेपणाची म्हणून सांगतात, आणि तो मोठेपणा आहेच. मला त्यातला बाकावर बसलेला मुलगाही तितकाच महत्त्वाचा वाटतो. त्याने मार्गदर्शक मागितला नव्हता. तो वाचत होता, रोज वाचत होता, आणि चार लोकांना दिसेल अशा जागी बसून वाचत होता.

याच बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले: बुद्ध, कबीर आणि जोतीराव फुले. फुले 28 नोव्हेंबर 1890 ला गेले आणि बाबासाहेबांचा जन्म 14 एप्रिल 1891 चा. साडेचार महिन्यांचं अंतर. गुरूची भेट कधी झालीच नाही, होणं शक्यच नव्हतं. म्हणून दूरच्या माणसांकडून प्रेरणा घेणं खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. फक्त ती घ्यायची कशी, हे त्यांच्याकडे बघून कळतं. त्यांनी फुल्यांचे प्रश्न उचलले आणि त्या प्रश्नांवर आयुष्यभर काम केलं. तुम्हाला एखाद्या मोठ्या माणसाचं चरित्र आवडलं तर त्यातली वाक्यं डायरीत उतरवून थांबू नका. त्या माणसाने ज्या गोष्टीवर वर्षानुवर्षं मेहनत घेतली, तशी एक गोष्ट तुमच्या कामात कोणती आहे ते ठरवा.

आता "आजूबाजूला कुणीच नाही" याबद्दल. पंडित भीमसेन जोशी अकरा वर्षांचे असताना 1933 साली गदगच्या घरातून गुरूच्या शोधात निघाले. आगगाडीतून, बऱ्याचदा तिकिटाविना, ग्वाल्हेरला गेले, आणखी उत्तरेत भटकले, जालंधरपर्यंत पोचले. तिथे त्यांना विनायकराव पटवर्धन भेटले आणि त्यांनी सांगितलं की सवाई गंधर्व तुझ्या गावाजवळच राहतात, त्यांच्याकडे जा. 1936 साली भीमसेन कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकायला लागले. गदगपासून कुंदगोळ काही तासांच्या वाटेवर. एवढी भटकंती वाया गेली असं मला वाटत नाही. वाटेत ते बरंच ऐकून-शिकून आले होते आणि आपल्याला नेमकं काय हवंय ते त्यांना कळलं होतं. पण ज्याच्याकडे पोचायचं होतं तो माणूस घराजवळ होता, हेही खरंच.

तुमच्या कारखान्यात असा माणूस ओळखायचा कसा? हुद्दा बघू नका. रात्री दोन वाजता लाईन अडली की फोन कुणाला जातो ते बघा. कुणाची सही असली की पुढचा विभाग पुन्हा मोजत नाही? कुणाच्या हाताखालून गेलेली मुलं पाच वर्षांनी दुसऱ्या कंपनीतूनही फोन करतात? आणि मला सगळ्यात मोलाची वाटणारी खूण: "मला माहीत नाही, बघून सांगतो" असं कोण म्हणतं आणि खरंच बघून सांगतं? असा माणूस प्रसिद्ध असण्याची गरज नाही. रमाकांत आचरेकर सर आयुष्यात एकच प्रथम श्रेणी सामना खेळले. शिवाजी पार्कवर त्यांनी घडवलेली मुलं भारताकडून खेळली. यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे आणि सराव संपेपर्यंत जो बाद होणार नाही त्याला ते मिळायचं. सचिन तेंडुलकरने अशी तेरा नाणी जपून ठेवली आहेत.

सचिनचीच गोष्ट पुढे नेतो. 16 नोव्हेंबर 2013 ला वानखेडेवर निरोपाच्या भाषणात त्याने सांगितलं की सर मला कधीच "चांगला खेळलास" म्हणाले नाहीत. ते ऐकून बऱ्याच जणांना वाटतं की कौतुक न करणं, कठोर असणं, ही गुरूची खूण आहे. इथे मला थोडं थांबून बोलायचंय, कारण या गैरसमजाने माझी दोन वर्षं खाल्ली. अगदी सुरुवातीला मी ज्यांच्या हाताखाली होतो ते कामात वाकबगार होते, पण चूक दिसली की चारचौघांत ओरडायचे, हातातला जॉब फेकून द्यायचे. मी समजायचो की हेच शिक्षण. प्रत्यक्षात मी त्या काळात एकच कला शिकलो, ती म्हणजे चूक लपवण्याची. साईझ गेलेला तुकडा मी गुपचूप भंगारात टाकायचो, आणि त्यामुळे तो का गेला हे कधी कळायचंच नाही. उस्तादांकडे आल्यावर उलटं झालं. ते कौतुक करत नव्हतेच, पण त्यांच्यापुढे चूक ठेवायला भीती वाटत नव्हती. आज कुणी मला विचारलं की हा माणूस आपल्यासाठी योग्य आहे हे कसं ओळखू, तर मी विचारतो: चूक झाल्यावर ती त्यांना लवकर सांगावीशी वाटते, की त्यांच्यापासून लपवावीशी वाटते?

त्याच भाषणात सचिनने आपल्या मोठ्या भावाबद्दल, अजितबद्दल सांगितलं होतं. अजित त्याला आचरेकर सरांकडे घेऊन गेला, आणि लहानपणापासून अगदी शेवटच्या डावानंतरही त्या दोघांची बाद होण्यावर चर्चा होत राहिली. मला हे फार खरं वाटतं. एकच माणूस सगळं देत नाही. एक कामातलं शिकवणारा असतो, एक आपल्याला लहानपणापासून ओळखणारा आणि तोंडावर खरं बोलणारा असतो, आणि एखादा बरोबरीचा असतो जो त्याच खड्ड्यात पडून त्याच वेळी बाहेर यायचा प्रयत्न करत असतो. तुम्ही एका माणसात हे तिन्ही शोधत असाल, म्हणून कुणीच सापडत नसेल.

इथपर्यंतचं थोडक्यात: उमेद दुरून घ्या, दुरुस्ती जवळच्याकडून. विनंती घेऊन जाण्यापेक्षा दोष असलेलं काम घेऊन जा. सांगितलेलं करून परत जा.

आता यातलं काय परिस्थितीवर अवलंबून आहे तेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. दार सगळ्यांना सारखं उघडत नाही. ज्याचे काका त्याच कंपनीत आहेत त्याला चांगलं मशीन आधी मिळतं, हे मी अनेकदा पाहिलंय. आडनाव ऐकून शिकवण्याचा सूर बदललेलाही पाहिलाय, आणि त्यावर मी तरुणपणी बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं. कंत्राटी कामगाराला अकरा महिन्यांनी गेट बंद होतं, तो कुणाशी नातं जोडणार? तुम्ही कायम आहात की कंत्राटावर, घरी पैसे पाठवावे लागतात का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. कंत्राटावर असाल तर एका माणसावर सगळी भिस्त ठेवू नका. खोलीवरच्या, दुसऱ्या कंपन्यांतल्या दोन-तीन मुलांना घेऊन आठवड्यातून एक तास बसा. प्रत्येकाने त्या आठवड्यातला एक बिघाड मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. माझ्या एका बॅचच्या चार मुलांनी आकुर्डीत एका खोलीवर असं दोन वर्षं केलं. त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं, तरी ती मुलं झपाट्याने पुढे गेली.

आणि मुलींसाठी, कारण हे वाचणाऱ्यांत मुलीही असतील. माझ्याकडे शिकायला आलेल्या एका मुलीला एक वरिष्ठ "तुझ्यात फार गुण आहेत, मी तुला घडवतो" म्हणत रात्री दहानंतर फोन करायचे, कारखान्याबाहेर भेटायला बोलवायचे. तिला वाटायचं की नाही म्हटलं तर शिकणं बंद होईल. तिने ते मला सांगितलं तेव्हा मी तिला ते शिकणं त्याच दिवशी थांबवायला सांगितलं, तिच्या संमतीने तक्रार वर नेली, आणि तिला दोन वेगळ्या माणसांकडे दिलं. ती शिकली, आज स्वतः टीम सांभाळते. शिकवणाऱ्याचं काम दिवसाउजेडी, चार लोकांसमोर होऊ शकतं. जो इतरांपासून तोडतो, गुप्तता मागतो, "माझ्याशिवाय तुझं काही होणार नाही" म्हणतो, त्याच्यापासून मुलगा असो वा मुलगी, दूर व्हा. आपल्याकडे गुरू या शब्दाला शरण जाण्याचा अर्थ चिकटलेला आहे. देवघरात तो असू दे. कामाच्या जागी शरण जायचं नसतं.

गुरू बदलणं म्हणजे बेइमानी, असंही काही जणांना वाटतं. भास्करबुवा बखले फैझ महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन उस्तादांकडे शिकले, आणि तिघांची विद्या त्यांच्या गळ्यात नांदली. एका माणसाकडून घेण्यासारखं सहा महिन्यांत संपू शकतं. मग कृतज्ञतेने पुढे जावं, फोन मात्र चालू ठेवावा.

तुम्ही विचारलंय की नेमकं काय बोलू. "सर, तुम्ही माझे मेंटॉर व्हाल का?" हे वाक्य बोलू नका. समोरचा दचकतो, त्याला वाटतं आता आयुष्यभराची जबाबदारी आली. त्याऐवजी असं काही बोलता येईल: "सर, या पार्टचं बोअर सकाळी बरोबर येतं आणि दुपारी दहा-बारा मायक्रॉन मोठं येतं. मी इन्सर्ट बदलून पाहिलं, ऑफसेट तपासला. मला तापमानाची शंका आहे, पण खात्री नाही. तीन दिवसांच्या नोंदी आणल्यात. दहा मिनिटं बघाल का?" यात तुमचा प्रश्न आहे, तुम्ही केलेलं काम आहे, तुमचा अंदाज आहे आणि त्यांच्या वेळेची मर्यादा आहे. असं कुणी माझ्याकडे आलं असतं तर मी चहा सोडून उठलो असतो.

डायरी पुन्हा सुरू करायची असेल तर पहाटेची नको. शिफ्ट संपताना पाच मिनिटांची करा. रिजेक्शन आलं की तुम्ही व्हाय-व्हाय ॲनालिसिस, म्हणजे एकामागून एक "का" विचारत मूळ कारण शोधायचा कागद, भरता. तोच कागद स्वतःच्या एका चुकीला लावा. मला काय वाटलं होतं, झालं काय, पहिला का, दुसरा का, पुढच्या वेळी काय वेगळं करणार. आठवड्याला एकच चूक पुरे. ऑपरेटरशी झालेलं भांडणही त्यात येऊ दे, कारण स्वभावातलं वळणही असंच सापडतं: बर्र एकाच बाजूला येते की सगळीकडे, हे बघितल्यावर. मी रागीट आहे असं एक मुलगा स्वतःबद्दल सांगायचा. वही लिहायला लागल्यावर त्याच्या लक्षात आलं की त्याचा राग फक्त महिनाअखेरीला, डिस्पॅचचं दडपण असताना येतो. मग त्याने स्वभावाशी झगडणं सोडलं आणि शेवटच्या आठवड्यातली कामं आधी उरकायला लागला. बराच शांत झाला.

अशी दोन महिन्यांची वही जवळ असली की कुणालाही दाखवायला तुमच्याकडे काहीतरी असतं. आणि व्यक्तिमत्त्व विकास, आत्मविश्वास वगैरे ज्या शब्दांसाठी तुम्ही पैसे भरलेत, ते काय असतं याची चव मला वाटतं तिथे पहिल्यांदा लागेल.

शेवटी तुमच्याकडच्या त्या जुन्या इन्स्पेक्टरांकडे येतो. तुमच्या प्रश्नात ते एका ओळीत येऊन गेले, पण माझं मन तिथेच अडकलंय. तीस-पस्तीस वर्षं पार्ट हाताळलेली बोटं मार्चमध्ये तुमच्या गेटमधून बाहेर जातील आणि त्यांना जे माहीत आहे ते कुठल्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नसेल. ते फारसं बोलत नाहीत असं तुम्ही म्हणता. तुम्ही आजवर त्यांच्याकडे काय घेऊन गेलात? या आठवड्यात, जेवणाची सुट्टी सोडून एखाद्या निवांत वेळी, कारण न सापडलेला एक रिजेक्ट पार्ट आणि तुमच्या नोंदींचा कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी जा. पार्ट त्यांच्या हातात द्या आणि ते तो कसा धरतात, आधी कुठे बघतात, अंगठा कुठून फिरवतात, ते नीट पाहा.